रोडगे, शेण आणि सॅनिटायझर

घाण नेहमी दुसऱ्याच्या घरी असते, याबाबत पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही गावांचं एकमत आहे. एरवी एकमत व्हायला कठीण. २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून फुटून आमचा वेगळा जिल्हा झाला आणि त्याला नाव पांढुर्ण्याचं लागलं. माझे सौंसरचे साडू आजही जिल्ह्याचं नाव घ्यायच्या आधी किंचित खाकरतात. पण समोरच्या गावच्या हॉटेलातला गिलास घाण असतो, हे दोन्हीकडची माणसं सारख्याच ठामपणे सांगतात.

बाहेरच्यांना पांढुर्णा म्हटलं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमारच आठवते. जाम नदीत रोवलेलं पळसाचं झाड, इकडे पांढुर्णा, तिकडे सावरगाव आणि मधल्या हवेत दगड. त्या विषयावर दरवर्षी टीव्हीवाले येऊन बोलून जातात, म्हणून मी बोलत नाही. वर्षाचे उरलेले ३६४ दिवस तुम्ही काय करता, हे मात्र आम्हाला कोणी विचारत नाही. उरलेले दिवस आम्ही खातो, आणि खाता खाता दुसऱ्याच्या सफाईला नावं ठेवतो.

खाण्याच्या बाबतीत सरहद्द आम्ही मानलेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची वाटणी झाली तेव्हा नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. तेव्हापासून आमचे अर्ज हिंदीत आणि भांडणं मराठीत. तलाठ्याला आम्ही पटवारी म्हणतो, बाजार समितीला मंडी. पोरीचं सासर नरखेड नाहीतर वरूड, ऑपरेशन नागपूरला आणि तक्रार भोपाळला. ताटात मात्र पाटोडीचा रस्सा, गोळाभात, भरीत आणि कळण्याची भाकर जशीच्या तशी आहे. भोपाळहून आलेल्या एका साहेबाने तर्रीची वाटी तोंडाला लावली आणि नंतर बराच वेळ तो फक्त डोळ्यांनी बोलत होता.

तर, रोडगे. आमच्या मंडळात भाऊ म्हणजे संत्र्याचा बगीचावाला. यंदा त्याचा आंबिया बहाराचा माल बऱ्या भावात गेला, आणि जामसावळीच्या मारुतीला बोललेला नवसही शिल्लक होता. हा मारुती आडवा पहुडलेला आहे. त्यामुळे नवस फेडायला थोडा उशीर झाला तरी तो उठून मागे लागत नाही, असं मास्तरांचं मत आहे. भाऊने दर्शन आटोपलं आणि बगीच्यात रोडग्याचा बेत ठेवला. मास्तर म्हणजे विज्ञान हिंदीत शिकवून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून मराठीत शिकवणारे. कंपाउंडर म्हणजे दवाखान्यात उभी हयात काढल्यामुळे स्वतःला पाऊण डॉक्टर समजणारा. आणि यंदा पाहुणा म्हणून भाऊचा भाचा, पुण्याला कंपनीत असतो. पाण्याची बाटली सोबत घेऊन आला होता. दुसऱ्याच्या हाती देत नव्हता.

बायका नव्हत्या. रोडग्याची पार्टी हा आमच्याकडे पुरुषांचा प्रांत. म्हणजे कणीक वहिनींनी जाडसर दळून आणलेली, ओवा-मीठ त्यांनीच घातलेलं, मसाला त्यांनीच वाटून डब्यात दिलेला, वांगी त्यांनीच निवडलेली. आम्ही फक्त माचिस घेऊन गेलो होतो. पण सांगताना भाऊ "मी बनवले" असंच सांगतो.

भाऊने हातावर तेल घेतलं आणि कणकेची सुपारीएवढी गोळी केली. तिला तेल चोपडलं, पारीत गुंडाळलं, पुन्हा तेल, पुन्हा पारी. असे चार-पाच थर चढले की मुठीत मावणार नाही असा गोळा होतो. पलीकडे भुईवर गोवऱ्यांची रास पेटलेली होती. ज्वाळा बसून आर लाल व्हायला लागला. मधेच रास ढासळली म्हणून भाऊने कणकेचे हात पाटलोणीला पुसले, दोन गोवऱ्या उचलून रचल्या, हात पुन्हा पाटलोणीला पुसले आणि पुढचा गोळा हातात घेतला.

कंपाउंडरने हे पाहिलं.

"हात धुतले का बे?"

"धुतले ना."

"कवा?"

"आंघोळीच्या टायमाले."

कंपाउंडरने खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली. २०२० पासून ती त्याच्या खिशात आहे. आतला माल किती वेळा बदलला हे सांगता येत नाही. त्याने भाऊच्या तळहातावर पिचकारी मारली. कणीक, तेल, गोवरीचा भुगा आणि सॅनिटायझर यांचं मिळून एक काळपट लुबदं तयार झालं. भाऊने ते निरखून पाहिलं. "हे आता रोडग्यात घालू का वेगळं वाढू?"

मास्तरांना वर्ग मिळाला. मळलेल्या, तेलकट हातावर सॅनिटायझर नीट चालत नाही, हे त्यांनी सांगितलं, आणि ते खरं आहे. अल्कोहोल मळाच्या थराखाली पोचत नाही. आधी साबण-पाणी, वीस सेकंद चोळून. सॅनिटायझर दिसायला स्वच्छ असलेल्या हातासाठी. "मातीच्या हातावर सॅनिटायझर म्हणजे चिखलाले अत्तर," मास्तर म्हणाले. कंपाउंडर चिडला आणि बाटली घेऊन तरातरा आराकडे निघाला. त्या बाटलीत साठ-सत्तर टक्के अल्कोहोल असतं हे अचानक सगळ्यांना एकदम आठवलं. पुढचा गोंधळ मी लिहीत नाही.

भाऊ मुकाट्याने विहिरीच्या पंपावर जाऊन साबणाने हात धुऊन आला. साबण बैल धुवायचा होता. तो मुद्दा कोणी काढला नाही.

खरा प्रश्न भाच्याने विचारला. त्याने आराकडे पाहिलं, गोवऱ्यांकडे पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं, आणि तिन्ही गोष्टींचा संबंध लागल्यावर त्याचा चेहरा पडला.

"मामा, हे शेणावर भाजणार? डायरेक्ट?"

"मंग काय कुकरात?"

"पण हायजीन?"

मास्तर मांडी घालून बसले. कच्चं शेण आणि जळलेलं शेण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे त्यांनी सांगायला घेतलं. ताज्या शेणात नाना जंतू असतात, ई. कोलाय असतो, त्याची एखादी जात माणसाला दवाखाना दाखवते. पण जंतूंना सत्तर अंशांवरच निरोप घ्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं काढली, त्यात पूर्ण शिजवा हे एक आहे. पदार्थाच्या आतपर्यंत सत्तर अंश पोचले की झालं. गोवरीच्या लाल आरात यापेक्षा कितीतरी जास्त ताप असतो. "त्या आरात जंतू गेला की त्याची राख होते, आणि ती राख आपण वरून झटकतो. तुह्या पुण्याच्या बर्गरमंदी जंतू जिता राहू शकते, या रोडग्यात नाही."

भाचा पुरता पटलेला दिसला नाही. पण पहिला रोडगा आरातून निघाला, पोत्यावर घोळून त्याची राख झटकली गेली, भाऊने तो दोन्ही हातांनी फोडला, थर सुटे होऊन आतून ओव्याची वाफ आली आणि त्यावर तुपाची धार पडली. त्यानंतर पोराने विज्ञानाची अट घातली नाही.

"मंग मास्तर," भाऊ म्हणाला, "शेण खराब नाही म्हणता."

"कच्चं खराब."

"आमच्या वावरात तर कच्चंच पडते."

इथून खरा वाद सुरू झाला. भाऊच्या बगीच्याच्या कडेला अर्धा एकर भाजीपाला आहे. मेथी, पालक, सांबार. (पुण्याकडच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबत मिळतो तो वेगळा.) मास्तरांनी सांगितलं की अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांप्रमाणे कच्चं शेणखत घातलं, तर जमिनीला टेकणारा भाजीपाला काढायला १२० दिवस थांबावं लागतं. जमिनीला न टेकणाऱ्या पिकाला ९० दिवस.

भाऊने बोटांवर हिशेब केला. "सांबार तर दीड महिन्यात निघते."

"हो."

"मंग अमेरिकेवाले सांबार खातच नाहीत का?"

"खातात ना. खत आधी कुजवतात."

कुजवण्याच्या बाबतीत आमच्या राज्याइतकं नशीबवान राज्य दुसरं नसेल. आल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला बसून पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर लावत राहिला. त्यातून निघालेली कंपोस्टची पद्धत जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. तेच इंदूर २०१७ पासून सफाईच्या सर्वेक्षणात देशात पहिलं येत आलं आहे. म्हणजे कचऱ्याचं सोनं करायची जागतिक कीर्तीची रीत आमच्याच राज्यात निघाली, आणि देशातलं सर्वांत स्वच्छ शहरही आमच्याच राज्यात. या दोन्ही गोष्टींचा आम्हाला अभिमान आहे. इंदूर लांब आहे हेही बरं आहे.

जवळचं उदाहरण नाडेपचं. पुसदचे नारायणराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका. त्यांनी विटांचं जाळीदार टाकं काढलं. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच. थोडं शेण, बराच काडीकचरा, माती, आणि वरून लिंपण. तीन-चार महिन्यांत भुसभुशीत खत. सरकारी योजनेत भाऊनेही ते टाकं बांधलं. अनुदान मिळालं, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी त्यात बकरी बांधली. हवा खेळती राहावी म्हणून विटांत भोकं ठेवलेली असतात, त्यामुळे बकरीला उन्हाळा सुखाचा जातो. योजना यशस्वी आहे. फक्त लाभार्थी बदलला.

योजनांचं आमच्याकडे असंच होतं. २०१४ नंतर संडास झाले, चांगले झाले, बायकांची सोय झाली. पण ज्या घरात आधीपासून एक होता तिथे दुसऱ्यात कुटार भरलं गेलं. मास्तर एकदा गणनेला गेले होते. एका घरी दार उघडलं तर आत हरभऱ्याचं कुटार छतापर्यंत. घरमालक म्हणाला, "गुरुजी, हे पावसात भिजत नाही नं."

भाच्याला आता रस वाटू लागला होता. त्याने विचारलं, सांबार बाजारात नेण्याआधी धुता की नाही?

"धुतो ना!" भाऊ दुखावला. "रोज धुतो. ताज्या जुड्या बांधतो आणि नाल्यात धुतो. असा चमकते!"

नाला म्हणजे ज्यात वरच्या अंगाला म्हशी बसतात तो. म्हणजे सांबार शेतात होता तोवर बरा होता. त्याला खरा धोका सफाईपासून होता. हे मास्तरांनी समजावून सांगितल्यावर भाऊ गप्प झाला. त्याच्या आयुष्यात धुतल्यामुळे घाण झालेली ही पहिलीच वस्तू होती. "मंग न धुता नेऊ? गिऱ्हाईक म्हणन माती हाय." विहिरीच्या पाण्याने धू, असं मास्तर म्हणाले. "विहिरीचं पाणी संत्र्याले कमी पडून रायलं," भाऊ म्हणाला. इथे विषय सफाईचा राहिला नाही, पाण्याचा झाला. आमच्या भागात कुठलाही विषय दहा मिनिटं ताणला की पाण्याचा होतो.

संत्र्याच्या बाबतीत मात्र भाऊचा हात कोणी धरू शकत नाही. मृगाचा बहार धरायचा की आंबिया, किती दिवस ताण द्यायचा, खोडाला बोर्डो कधी लावायचा, काळी माशी येऊन पानावर कोळशी कधी धरते, हे त्याला झोपेत विचारा. तो म्हणतो, संत्रा हे जगातलं सर्वांत स्वच्छ फळ आहे. देवाने त्याला पॅकिंगमध्येच पाठवलं. हे म्हणताना त्याने फवारणीच्या पंपाला लागलेल्या हाताने संत्रं सोललं आणि त्याच बोटांनी फोडी सुट्या करून मला दिल्या.

औषधाच्या डब्यावर त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. भाऊला रंग पाठ आहेत, पण त्याच्या लेखी लाल म्हणजे "चांगलं लागते". शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस माल तोडू नये हेही डब्यावर लिहिलेलं असतं, पण ते इतक्या बारीक अक्षरांत की वाचायला बसलं तर तेवढे दिवस आपोआपच निघून जातात. आणि रिकामा डबा? तो फेकण्याची आमच्यात रीत नाही. भाऊच्या बगीच्यात एक निळा ड्रम आहे. तो कधीकाळी कशाचा होता हे आता कोणालाच आठवत नाही. त्यात हात धुवायचं पाणी भरून ठेवलेलं असतं.

यावर कंपाउंडर हसला नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. कपाशी आमच्याकडेही आहे, पंप तेच आहेत, तोंडाला बांधायचा शेला तोच आहे. कंपाउंडरने त्या मोसमात आपल्याकडे आलेले दोन पोरं पाहिले होते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेले. वाचले दोघंही. "फवारणी झाली की आधी आंघोळ, कपडे येगळे, मंगच भाकर," तो म्हणाला, आणि त्या एका वाक्यापुरता तो पाऊण नाही, पुरता डॉक्टर होता. भाऊने ड्रमकडे पाहिलं. मग जाऊन तो आडवा केला.

कंपाउंडरबद्दलचा आदर टिकवायला आम्ही तयार होतो, पण त्याने तेवढ्यात खर्रा काढला.

खर्रा कसा बनतो हे ज्याने पाहिलं नसेल त्याने पानठेल्यावर दोन मिनिटं उभं राहावं. सुपारी, तंबाखू, चुना, एका प्लास्टिकच्या पन्नीत; ती पन्नी पाटीवर ठेवून ठेलेवाला तळहाताने घासतो, घासतो, घासतो. तोच तळहात मधेच नोट घेतो, नाक पुसतो, कानामागे जातो आणि परत पन्नीवर येतो. पाणीपुरीवाल्याचा हात पाण्यात बुडतो म्हणून कंपाउंडरने पाणीपुरी सोडली आहे. बायकोलाही खाऊ देत नाही. पण खर्ऱ्याची पन्नी तो दातांनी उघडतो. मास्तरांनी ही विसंगती दाखवली. तो म्हणाला, "तंबाखूत जंतू मरते." त्यानंतर मास्तर बराच वेळ बोलले नाहीत. शिक्षकाला गप्प करणारी उत्तरं आमच्याकडे अशीच असतात: चूक, पण चटकन.

हॉटेलातल्या बादलीवर मात्र सगळे एक झाले. आमच्या चौकात चहाच्या टपरीखाली एक बादली असते. सकाळी पाणी पाण्याच्या रंगाचं, दुपारपर्यंत चहाच्या रंगाचं. उष्टा गिलास तिच्यात एकदा बुडतो, उलटा होतो, दुसऱ्यांदा बुडतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातात येतो. गिलास दोनदा बुडवला म्हणजे धुतला आणि एकदा बुडवला म्हणजे टाळाटाळ केली, असा चौकाचा कायदा आहे. टपरीवर चौदा आकडी परवाना लटकलेला असतो, त्यावर धुरी बसलेली. आलूबोंड्याच्या कढईतलं तेल सोमवारी सोनेरी आणि शनिवारी डांबरी. नियम आहे की तळणाच्या तेलात पोलर संयुगं पंचवीस टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. १ जुलै २०१८ पासून. टपरीवाल्याला हे मास्तरांनी सांगितलं तेव्हा त्याने अदबीने विचारलं, "गुरुजी, ते मोजायचं मशीन तुमच्यापाशी हाय का?"

आणि बोंडे देतो पेपरात. छापील कागदाची शाई अन्नात उतरते म्हणून पेपरात खाद्यपदार्थ बांधायला बंदी आहे. ही बातमी मी पेपरातच वाचली. पेपर बोंड्याखालचा होता आणि शेवटची ओळ तेलात गेली होती, त्यामुळे बंदी कधीपासून ते तेव्हा कळलं नाही.

"पण या चहानं आजवर कोण मेलं?" भाऊने विचारलं. हा प्रश्न आमच्या भागात सफाईवरच्या प्रत्येक चर्चेत एकदा येतोच. उत्तर अवघड आहे, कारण जे जुलाबाने गेले ते "पोट बिघडून" गेले, जे काविळीने गेले ते "वेळ आली" म्हणून गेले, आणि टपरीवर हा प्रश्न विचारायला अर्थातच फक्त वाचलेलेच येतात.

मास्तरांनी मग व्हिएन्नाची गोष्ट सांगितली. १८४७ साली सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने पाहिलं की विद्यार्थी प्रेतं चिरून थेट बाळंतिणींच्या वॉर्डात जातात आणि बाळंतिणी तापाने मरतात. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मरणारे कमी झाले. पण डॉक्टर मंडळींना राग आला. आमचे हात घाण म्हणतो? शेवटी १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात मेला.

"हात धुवा म्हणला म्हणून त्यालेच धुतलं," भाऊ म्हणाला.

आमच्याकडे हे काम गाडगेबाबांनी जास्त हुशारीने केलं. अमरावती जिल्ह्यातले, आमच्याच बोलीचे. गावात आले की ते आधी झाडू घेऊन रस्ता झाडायला लागायचे. तुमचं गाव घाण आहे, असं म्हटलं असतं तर आमच्या लोकांनी गोटे शोधले असते. पण म्हातारा माणूस आपल्या दारापुढे झाडतो आहे म्हटल्यावर लाजेने निम्मं गाव झाडू घेऊन बाहेर यायचं. रात्री कीर्तनात मग ते प्रश्न विचारून विचारून लोकांकडूनच वदवून घ्यायचे. ते १९५६ च्या डिसेंबरात गेले, आमची वाटणी झाल्यावर दीड महिन्याने. नंतर आमच्याकडे सफाईचे बरेच कार्यक्रम झाले. नवे कोरे झाडू, अगोदरच झाडलेला रस्ता, फोटोवाला.

एव्हाना जेवणं झाली होती. पळसाच्या पत्रावळी आरात गेल्या होत्या. वांग्या-आलूच्या भाजीचा गंज, म्हणजे पातेलं, तळापासून खरवडला होता, कंपाउंडरचा तिसरा रोडगा अर्ध्यावर अडकला होता आणि भाचा तुपाचे हात घेऊन, पाय पसरून संत्र्याच्या झाडाला टेकला होता. त्याच्या बाटलीतलं पाणी संपलं होतं आणि तो विहिरीचं प्याला होता. कोणी काही बोललं नाही.

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. भाऊने स्पीकर लावला, कारण हात भरलेले.

"झालं का जी जेवण?"

"झालं."

"गंज घासून आणजा. मांगल्या टायमाले आणला तसा आणाल तर दारातच ठेवीन."

फोन बंद झाला आणि बगीच्यात पहिल्यांदा शांतता पसरली. दोन मोठे गंज, एक परात, एक उलथणं. बुडाला काजळी, आतून तर्रीचा थर. दुपारभर हात, शेण, तेल, व्हिएन्ना आणि अमेरिका यांवर अधिकारवाणीने बोललेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. कंपाउंडरला दवाखान्यात कोणीतरी वाट पाहतंय असं आठवलं. आज रविवार आहे अशी भाऊने आठवण करून दिली. मास्तरांची कंबर धरली. माझा चश्मा सापडत नव्हता.

"ज्यानं हायजीन हा शब्द काढला त्यानं घासावं," भाऊने निकाल दिला.

भाचा बिचारा उठला. "लिक्विड कुठे आहे?"

भाऊने विझलेल्या आराकडे बोट दाखवलं. पोराने नारळाची शेंडी घेतली, मुठीत राख घेतली आणि नाक मुरडत गंजाला लावली. दोन मिनिटांत तर्रीचा थर सुटला. राखेतला क्षार तेलाला भिडला की थोडाफार साबणच तयार होतो. त्याने गंजात वाकून पाहिलं, बोट फिरवलं. "अरे, मस्त निघालं की!"

मास्तरांचे डोळे चमकले. त्यांनी घसा साफ केला. "याचं कारण असं हाय की राखेत जे क्षार असतात—"

"मास्तर," भाऊ म्हणाला, "बसल्या जाग्यावरून नका सांगू. तो दुसरा गंज घ्या आन् घासता घासता सांगा."